नावं संपायच्या आधी

मुलुंडच्या मॉलमधल्या थिएटरात शिवदास दारावर असतो. तिकीट बघायचं, खुर्ची दाखवायची, आणि पिक्चर संपला की बाहेर जायचं दार उघडायचं. इतकी वर्षं झाली, पण आख्खा पिक्चर असा त्याने तिथे एकही बघितलेला नाही. सगळ्यांचे शेवट मात्र कानाला पाठ. गडी पॅसेजमध्ये भिंतीला टेकून उभा, पाय भरून आलेले. आत शेवटचं म्युझिक सुरू झालं की हात आपसूक दाराच्या दांड्यावर जातो. पडद्यावर तेव्हा नावं सरकत असतात. ती कोण वाचतंय? लोकांना पार्किंग गाठायचं असतं, सफाईच्या बायकांना सांडलेलं पॉपकॉर्न उचलायचं असतं.

यंदा त्या नावांत त्याच्या पोरीचं नाव होतं.

श्रुतिका एका मराठी पिक्चरच्या कपडेपटात लागली होती. लुगड्यांना इस्त्री मारायची, नटीचं ब्लाउज ऐनवेळी उसवून पुन्हा शिवायचं, असली कामं. पहिलाच पिक्चर. लागला तोच दुपारच्या एकुलत्या शोवर. आणि आठवडा पुरा व्हायच्या आत कळलं, येत्या शुक्रवारी मोठा हिंदी येतोय, मराठीची सुट्टी. उरला फक्त गुरुवार.

"भांडुपवरनं आईला घेऊन येते," श्रुतिका म्हणाली. "पप्पा, नाव अगदी शेवटी आहे हां. दार नका उघडू लगेच."

"मी उघडीन होय? खुळी का तू?"

मॅनेजर देवव्रतच्याही त्याने कानावर घातलं. "साहेब, आज नावं पुरी जाऊ द्या."

"जाऊ द्या ना काका. तसंही आत बसणारंय कोण?"

नलिनी, त्याची बायको, ठेवणीतली साडी नेसून आली. चाळीतल्या बायकांना तिने बोलवून बघितलं होतं. त्या म्हणाल्या, "म्हयन्याभरात मोबाइलवर येतलो गो, कशाक धडपडतस?"

शिवदासने दोघींना मधल्या रांगेत बसवलं. शेवटाला आपणही आत जाऊन उभं राहायचं, असं त्याने ठरवलं होतं. पण ऐनवेळी बाजूच्या स्क्रीनमध्ये कुणाच्या तरी बाळाने उलटी केली. तिथली निस्तरून तो पाय ओढत परत आला, पॅसेजच्या भिंतीला टेकला, जरा डोळे मिटले. आत म्युझिक वाजलं.

हात दांड्यावर गेला.

पॅसेजचा पांढरा उजेड थेट पडद्यावर पडला. होती नव्हती ती माणसं उठून पडद्यापुढून चालायला लागली.

"पप्पा, दार!" श्रुतिका ओरडली.

त्याने दार ओढलं, तर मधे काठी घेतलेले एक आजोबा. "अहो, चिरडताय काय मला?" म्हणून ते तिथेच अडून राहिले. त्यांच्या बाजूने सफाईच्या बायका पिशव्या घेऊन आत घुसल्या.

"खंय आसा गो?" नलिनी मान उंच करून विचारत होती. "माका दिसला नाय."

"गेलं, आई."

शिवदासची ड्युटी रात्रीपर्यंत होती. "तुम्ही व्हा पुढे," एवढंच तो म्हणाला, तेही दाराकडे बघत.

महिन्याभराने पिक्चर खरंच घरच्या टीव्हीवर आला. तिथे तर आणखी घाई. शेवट झाला न झाला तोच चित्र आक्रसून कोपऱ्यात गेलं आणि 'पुढे हे बघा' म्हणून भलतंच काहीतरी सुरू व्हायला लागलं. श्रुतिकाने रिमोटशी झटापट करून नावं परत आणली, थांबवली. नलिनी उठून टीव्हीशी गेली, एका ओळीखाली बोट धरलं.

"ह्या?"

"हो."

"बारीक आसा गो."

शिवदास खुर्चीत बसला होता, पाय गरम पाण्याच्या बालदीत. त्याने तिथूनच वाचलं. "तिकडे केवढं मोठं होतं," तो म्हणाला.

"पुढच्या पिक्चरला बघू. तुम्ही त्या दिवशी रजा टाका फक्त."

त्याने बालदीतले पाय जरा हलवले.

"मी रजा टाकली, तर दुसरा कोणीतरी उघडील."