उतरत्या इंजिनाची शिट्टी

आज फोनवर बोलता बोलता तव्यावरची तांदळाची भाकरी करपली, आणि शहापूरच्या या स्वयंपाकघरात मला आमच्या कसाऱ्याच्या रेल्वे क्वार्टरचा वास आला.

बाबा बँकरवर होते. घाट चढणाऱ्या गाडीला मागून रेटणारं ते इंजिन. गाडी वर पोचवून इंजिन खाली उतरलं की आमच्या घरामागून जाताना बाबा दोन लांब शिट्ट्या देत, आणि आई शेगडीवर तवा ठेवी. बाबा हातपाय धुऊन पाटावर बसेपर्यंत पहिली भाकरी फुगलेली असे.

बाबा तापाने गेले. तेरावं झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मागून तशाच दोन शिट्ट्या आल्या. बाबांच्या इंजिनावरच्या जोडीदाराचा हात सवयीने शिट्टीकडे गेला असणार. आई उठली. तिने तवा ठेवला, पीठ मळलं, भाकरी थापून तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला.

शेजारची काकू दारातून म्हणाली, "कुनासाठी गो?"

"इंजिन उतरला ना," आई म्हणाली, आणि तिचा हात तिथेच थांबला. भाकरी उलटायची राहिली. घरभर करपट वास झाला, तरी कुणी जागचं हललं नाही.

तेव्हा मला वाटलं होतं, आईचं भान सुटलंय, काकूने सावध केलं ते बरं झालं. आज तवा घासताना वाटतं, काकूने जरा उशिरा विचारायला हवं होतं. तेवढी एक भाकरी आईने बाबांसाठी केली असती.