गार्डाच्या डब्याची पायरी
सुताराकडं लाकूड चिकटवायचा सरस तापायला लागला, की त्या वासानं आजही माझ्या छातीत धडधडतं. निजामाची शेवटची वर्षं होती, सेलूच्या रुळांवर पहारा होता, आणि आमच्या यांना हौस काय, तर मालगाडीच्या शेवटी लागणारा गार्डाचा डबा सुतळीनं मापून तस्साच, पण हातभर लांबीचा, लाकडाचा करायचा, पायरीच्या तुटक्या फळीसकट. एका सकाळी पहाऱ्यावरचा जमादार दारात आला. "डबा कशाला मापायलास? गाडी उडवायचा इरादा हाय?" मी घाईनं यांनी केलेला डबा पुढं धरला. "हुबेहूब करायलेत हो, बघा." त्यानं आम्हाला डब्यासकट स्टेशनात नेलं. खऱ्या डब्याची पायरी धड होती! "झूट बोलतोस?" म्हणत त्यानं यांचं मनगट धरलं. तेवढ्यात म्हातारा गार्ड खाली उतरला. "साहेब, फळी आजच बदलली. जुनी ही काय, चुलीसाठी ठेवली." ती आणि आमच्या डब्याची, दोन्ही फळ्या एकाच जागी तुटलेल्या होत्या. जमादारानं हात सोडला. घरी येताच यांनी सरस तापत ठेवला. "आता नवी फळी बसवावी लागंल की," म्हणाले. मी ते भांडं उचलून उकिरड्यावर पालथं केलं. हे जाऊन बरीच वर्षं झाली. डबा माझ्याकडं आहे, आणि त्याच्या तुटक्या पायरीला मी कुणाला हात लावू देत नाही.