सात ते नऊ अंधार

नारायण पेठेतली आमची इमारत रस्त्याकडे तोंड करून उभी आहे, एवढाच आमचा गुन्हा. गेल्या हिवाळ्यात पेठेत प्रकाशाचा कलामहोत्सव भरला आणि आमच्या दर्शनी भिंतीवर चित्रं पाडायचं ठरलं. संयोजकांपैकी एक तरुण मुलगी सह्या घ्यायला घरोघरी आली.

"काका, फक्त चार दिवस. सात ते नऊ पुढच्या खोल्यांतले लाइट बंद ठेवायचे. नाहीतर प्रोजेक्शन दिसतच नाही."

"आणि आम्ही काय करायचं?"

"तुम्ही खाली बघायला या ना!"

शेजाऱ्यांनी सह्या केल्या होत्या. आपणच कशाला वाईट व्हा, म्हणून मीही केली.

माझे वडील ब्याऐंशी वर्षांचे. छापखान्यात प्रुफं तपासून डोळे अधू झालेले, जिना उतरणं केव्हाच बंद. मी म्हणालो, "बाबा, दोनच तास." ते "बरं" म्हणाले. ते सगळ्यालाच "बरं" म्हणतात.

दुसऱ्या दिवशी मी कुकर लावत होतो. बाबा पुढच्या खोलीत अंधारात बसले होते. छतावर बाहेरचे निळे-तांबडे पट्टे धावत होते. तेवढ्यात धप्पकन आवाज आला. पाणी प्यायला उठले आणि टीपॉयला अडखळले. बघता बघता मनगट सुजलं.

मी दिवा लावला, खिडकी उघडली आणि ओरडलो, "बंद करा ते! इथे म्हातारा माणूस पडलाय!"

खाली टाळ्या पडल्या. भिंतीवर तेव्हा जुन्या पेठेतल्या खिडक्या उमटल्या होत्या आणि त्यांतून चित्रातली माणसं डोकावत होती. गर्दीला मी त्यांतलाच वाटलो. सगळे मोबाइल माझ्याकडे वळले. मी शिव्या घातल्या, तर कुणीतरी "वन्स मोअर" म्हणालं.

ती मुलगी धापा टाकत वर आली. "काका, लाइट..." म्हणाली आणि बाबांचा हात पाहून तशीच खाली धावली. रिक्षा तिनंच आणली, गर्दीतून वाटही तिनंच काढली. बाबा तिला म्हणाले, "चित्रं छान आहेत म्हणे." त्या क्षणी मला त्यांचाही संताप आला.

हाड मोडलं होतं. प्लास्टर घातलं. उरलेले दोन दिवस मी घरातले सगळे दिवे लावून ठेवले. सोसायटीच्या अध्यक्षांचा फोन आला.

"अहो, आपण सही केली आहे."

"केली आहे. आता आपण या आणि बाबांना भरवा."

ते आले नाहीत.

कलेवर एवढा राग कशाला, असं लोक विचारतात. पाच मिनिटं वीज गेली तरी तक्रारीचा फोन लावणारा मी, कुणी गोड बोललं म्हणून बापाला अंधारात बसवलं, याचं काय करू?

त्यांची बोटं अजून पुरती मिटत नाहीत. सकाळी शर्टाची बटणं मी लावतो. "राहू दे, जमेल मला," ते म्हणतात. मी दात आवळून वरचं बटण लावतो.