रुंद रिमांची गाडी

माझ्या मित्राने कोणती गाडी घ्यावी हे मी ठरवलं. हे वाक्य आधीच लिहून टाकतो, कारण पुढे लिहिताना मी ते कुठेतरी दडपून टाकीन याची मला खात्री आहे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. नगरात त्याचं विहिरीवरच्या जळलेल्या मोटारी रिवाइंड करून देण्याचं दुकान होतं. मी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात तपासणी खात्यात होतो. त्याच्या दुकानाच्या भिंतीवर रद्दीतून आणलेल्या परदेशी मासिकांतली गाड्यांची चित्रं चिकटवलेली असत. दोन दारांच्या, जमिनीला टेकलेल्या, लाल-पिवळ्या गाड्या. संध्याकाळी चहा पिता पिता आम्ही तावातावाने भांडायचो, यातली कोणती घ्यायची, रोज रस्त्यावर कोणती बरी, कोणतीत फेरफार करायला वाव जास्त. जशा काही सगळ्या दाराशी उभ्या आहेत आणि आम्ही किल्ली उचलायचीच बाकी आहे. खिशात नाही आणा आणि मला बाजीराव म्हणा, तशातला प्रकार.

पण तो चिकाटीचा होता. त्याने पैसे साठवले आणि खरोखरच दोन जुन्या गाड्या बघून ठेवल्या. एक लांब बोनेटची, जड, मोठ्या इंजिनाची. दुसरी छोटी, हलकी, आधी एका डॉक्टरांकडे असलेली. त्याचा जीव लांब गाडीवर जडला होता.

"लेका, आवाज तरी ऐक तिचा," तो म्हणायचा.

"आवाज ऐकायला बँड लाव दारात," मी म्हणायचो.

मी त्याला पाठच दिला. जड गाडी पेट्रोल पिणार, भाग मिळणार नाहीत, उचल नाही. छोटीचा कार्ब्युरेटर बदलू, स्प्रिंगा कापून ती खाली बसवू, टायर रुंद घालू, मग पुण्याच्या रस्त्यावर तिला कोण गाठतो ते बघू. हे सगळं मी अधिकारवाणीने बोललो. खरं कारण वेगळंच होतं. रविवारी ती गाडी मलाही चालवायला मिळणार होती, आणि तेवढी लांब गाडी आमच्या गल्लीतून मागे घ्यायची मला भीती वाटायची. एवढंसं कारण. लांब गाडीची चाकं मुळातच रुंद होती, तिला काही करायची गरज नव्हती, हे मला माहीत होतं आणि मी ते बोललो नाही.

त्याचे वडील हायस्कुलात गणित शिकवायचे. आम्ही दोघेही त्यांच्याच हाताखाली शिकलेलो. ते एवढंच म्हणाले, "हळू चालवणार असशील तर कोणतीही घे." त्याने छोटी घेतली.

रुंद टायरना रुंद रिमा लागतात, आणि तयार रिमा पुण्या-मुंबईत, त्याही परवडायच्या नाहीत. तेव्हा एक देशी उपाय चालायचा. मूळची लोखंडी रिम मधोमध गोल कापायची, मध्ये दोन इंचांची पट्टी वाकवून बसवायची आणि दोन्ही कडांना वेल्डिंग मारायचं. माझे मामा काष्टीत वेल्डिंगचं काम करायचे. आजूबाजूच्या गावांतल्या उसाच्या ट्रॉल्या त्यांच्याच हातच्या. मित्र म्हणाला, मामांसारखा माणूस घरात असताना बाहेर कशाला जायचं? मलाही त्यात वावगं वाटलं नाही. आम्ही पाचही रिमा घेऊन काष्टीला गेलो.

मामांनी दिवसभर दुसरं काम हातात घेतलं नाही. बाजारचा दिवस होता, लोक ट्रॉलीचे हुक घेऊन येत होते आणि ते त्यांना परत पाठवत होते. "आज भाच्याचं काम हाय." दुपारी मामींनी शेंगोळे केले. संध्याकाळी मामांनी एक रिम डोक्याच्या वर उचलली आणि धाडकन फरशीवर आपटली.

"बघ, काय झालं का? दहा टन ऊस पेलतोय माझा वेल्ड. तुमची गाडी म्हंजी आगपेटी."

आम्ही दोघे खूश होऊन हसलो.

आता जे सांगायचं आहे ते हे. कारखान्यात माझं कामच मुळी वेल्डिंग तपासण्याचं होतं. जोडावर लाल रंग लावायचा, थोड्या वेळाने पुसायचा, वर पांढरं फवारायचं. केसाएवढी चीर असली तरी पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. अर्ध्या तासाचं काम. त्या दिवशी दोन्ही डबे माझ्या पिशवीत होते, मी मुद्दाम नेले होते. ट्रॉली दहा टन वाहते, पण ट्रॅक्टरच्या चालीने वाहते, आणि चाक मिनिटाला हजारदा फिरायला लागलं की जोडाचं काय होतं, हे मी रोज बघत होतो.

पण मामांसमोर डबे काढायचे कसे? माझ्या लग्नात पाठीशी उभा राहिलेला माणूस, दिवसभराची गिऱ्हाइकं परत पाठवून माझं काम करून देतो, आणि मी त्याच्या हातचं काम त्याच्याच दारात रंग लावून तपासणार? मामींच्या देखत? आमच्याकडे थोरांचं काम तपासत नाहीत, नमस्कार करून घेऊन जातात. मी म्हटलं, घरी गेल्यावर तपासू. घरी गेल्यावर म्हटलं, आता कशाला? झाकली मूठ सव्वा लाखाची. रेघ निघाली तर मामांना काय सांगायचं?

तीन महिने गाडी झकास पळाली. खरं म्हणजे पळवायचो मी. पुण्याच्या रस्त्याला काटा मी शंभराच्या पुढे न्यायचो आणि मित्र डॅशबोर्डला धरून "अरे हळू, हळू" करायचा. गाडी त्याची, हौस त्याची, आणि चालवताना हा भित्रा. मी त्याला यावरून किती छळलं असेल!

कोल्हारच्या एका बागायतदाराची मोटार जळाली होती, ती बघायला आम्ही दुपारी निघालो. उसाचा हंगाम होता, रस्त्यावर बैलगाड्यांची रांग. तो चालवत होता. मी कंटाळून काट्याकडे बघितलं आणि म्हणालो, "पन्नास? या बैलांच्या मागे मुक्काम करणार आहेस का?" तो हसला. तेवढ्यात उजवीकडच्या पुढच्या चाकातून काहीतरी फाटल्यासारखा आवाज आला, गाडी उजवीकडे ओढली गेली आणि त्याच्या बाजूने कडुलिंबावर आदळली.

तो जागेवरच गेला. माझं गळपट्टीचं हाड मोडलं. लोकांनी मला बाहेर काढलं तेव्हा ते चाक मी बघितलं. पट्टी एका कडेने उघडून बाहेर आली होती.

संध्याकाळी दवाखान्यात हवालदार जबाब घ्यायला आला. मामा काष्टीहून मिळेल ती एसटी पकडून आले होते, खाटेच्या पायथ्याशी टोपी हातात घेऊन उभे होते.

"स्पीड किती हुता?" हवालदाराने विचारलं.

मी मामांकडे बघितलं. पन्नास म्हणालो असतो तर पुढचा प्रश्न चाकाचा आला असता.

"होता बऱ्यापैकी," मी म्हणालो.

पंचनाम्यात त्याचं 'भरधाव वेगाने व निष्काळजीपणे' झालं. मेलेल्या माणसावर खटला कसला? कागद बंद झाला, गाडी भंगारात गेली. पुढे एकदा मामांनी बिचकत विचारलं, "चाकाला काय न्हाई ना झालं रं?" मी म्हणालो, "न्हाई मामा." त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. त्या क्षणी मला वाटलं, मी एका माणसाला वाचवलं. मला वाटायचं तरी.

खाई त्याला खवखवे म्हणतात, पण माझी खवखव हळूहळू कमी होत गेली, हे मला इथे सांगितलंच पाहिजे. माणूस निर्ढावतो. मी बढती घेतली, स्कूटर घेतली. मित्राच्या घरावरून जायचं टाळायचो, एवढंच.

चार वर्षांनी आमच्याच हायस्कुलात रस्ता सुरक्षेचा कार्यक्रम झाला. कारखान्याने बक्षिसं दिली होती, म्हणून मला पाठवलं. व्यासपीठावर सर होते, मित्राचे वडील, आता निवृत्त झालेले. त्यांना दरवर्षी बोलावतात असं शेजारच्या शिक्षकाने मला सांगितलं. सर उभे राहिले आणि म्हणाले, "मुलांनो, माझ्या मुलाला वेगाचं वेड होतं. शेवटच्या दिवशीही त्याला वेग आवरला नाही. गणित शिकवून मी तुम्हाला वेग, वेळ, अंतर काढायला लावलं, पण स्वतःच्या मुलाला मी काहीच शिकवू शकलो नाही." आवाज अजिबात कापला नाही. वर्गात उदाहरण सोडवून दाखवावं तसं त्यांनी ते सांगितलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. स्वतःची इतकी किळस मला त्याआधी आणि त्यानंतर कधी आली नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. सगळं सांगितलं, रिमा, मामा, पिशवीतले डबे, हवालदार. मामांचं काय होईल याचा विचार मी त्या दिवशी केला नाही.  चुकलेल्या पायरीवर बोट ठेवावं तसा सरांनी एकच प्रश्न विचारला.

"वेग किती होता?"

"पन्नास, सर. मी काटा बघितला होता."

"पन्नास," ते म्हणाले. मग खुर्चीवर वळून स्वयंपाकघराकडे बघत मोठ्याने म्हणाले, "अगं, ऐकलंस का? पन्नासनेच चालला होता तो."

काकू पदराला हात पुसत दारात आल्या. त्या रडतील, मला शिव्या देतील, असं मी धरून चाललो होतो.

"मी यांना पहिल्या दिवसापासून सांगत होते, तो हळू चालवतो म्हणून," त्या म्हणाल्या. "हे म्हणायचे, पंचनाम्यात लिहिलंय, सरकारी कागद खोटं बोलत नाही. चार वर्षं मृत्यूच्या तिथीला जेवले नाहीत हे. पोरावरच्या रागाने."

सरांनी चष्मा काढला आणि हातातच धरून ठेवला. काकू माझ्याकडे वळल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, लहानपणी उशिरा खेळून आलो की विचारायच्या तसा.

"मग तू इतके दिवस कुठे होतास रे?"

मी नगरातच होतो. त्यांच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून.