चौदा जणांची पसंती

आमचे भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, थंड पेयांच्या कंपनीत एकतीस वर्षं होते. लागले तेव्हा दुकानोदुकानी फिरणारे साधे विक्रेते, निवृत्त झाले तेव्हा उपाध्यक्ष. अंगात गुण एकच. साहेब हसायच्या क्षणभर आधी हसायचं. कंपनीचं पेय स्वतः कधी प्यायले नाहीत. "घसा धरतो," म्हणायचे आणि कोमट पाणी मागायचे.

विक्रीप्रमुख झाल्यावर त्यांनी नवं पेय काढायचं डोक्यात घेतलं. हिरवंगार, काकडी-पुदिन्याचं. कंपनीत चव तपासणाऱ्या एक बाई होत्या, बावीस वर्षं त्याच कामात मुरलेल्या. त्यांनी लेखी कळवलं, "मागाहून साबणासारखी चव राहते. बाजारात आणू नये." भावोजींना ते झोंबलं. "बाईंची जीभ म्हातारी झाली," म्हणाले, आणि रविवारी आम्हा नातेवाइकांना जेवायला बोलावलं.

जेवणं झाल्यावर ताईने पेले फिरवले. भावोजी कागद-पेन घेऊन उभे. "अगदी मोकळेपणाने सांगा हं!"

माझ्या थोरलीच्या नोकरीसाठी त्यांनी नुकताच कंपनीत शब्द टाकला होता. मी एक घोट कसाबसा गिळला आणि म्हणालो, "वा! काहीतरी वेगळंच." बाकीच्यांनीही माना डोलावल्या. भावोजींच्या आईंनी मात्र पेला खाली ठेवला. "अरे, हा तर साबण!" भावोजींनी शांतपणे लिहून घेतलं, 'ज्येष्ठांना स्वच्छ वाटलं.' कंपनीच्या बैठकीत या चौदा जणांचं झालं 'ग्राहक सर्वेक्षण, शंभर टक्के पसंती.'

पेय सहा महिन्यांत आपटलं. दुकानदार खोकी न फोडताच परत पाठवू लागले. वरून विचारणा झाली, तेव्हा भावोजी साळसूदपणे म्हणाले, "चव विभागाने वेळीच सावध करायला हवं होतं." बाईंची चिठ्ठी फायलीत सापडेना. कंपनीत लागल्यावर ती फायलीत लावली होती माझ्याच मुलीने. तिची नोकरी अजून पक्की व्हायची होती, म्हणून तीही गप्प बसली. बाईंना घरी बसवलं. प्रसंग धीराने हाताळला म्हणून भावोजींना बढती मिळाली. पेढे खायला आम्ही सगळे गेलो होतो, मीसुद्धा.

आता ते कॉलेजांतून व्याख्यानं देतात. विषय, 'ग्राहकाचं ऐका.' परवा गेलो तेव्हा त्याच तयारीत होते. न राहवून मी विचारलं, "भावोजी, त्या चव तपासणाऱ्या बाई हल्ली कुठे असतात?"

"कोणत्या बाई?"

"तुमच्या कंपनीतल्या. त्या हिरव्या पेयाच्या वेळच्या."

कपाळाला आठ्या घालून त्यांनी खरोखरच आठवून पाहिलं. मग मान हलवली, चष्मा पुसला, आणि व्याख्यानाची पानं क्रमाने लावायला घेतली.