बिनसहीची पत्रं

“नावाचं काय घेऊन बसलात? आकडा बघा, आकडा.”

हे म्हणताना त्या चष्मा कपाळावर चढवायच्या आणि टेबलावर बोट दोनदा आपटायच्या. बोटांची टोकं कायम निळसर-पिवळी. रंगांच्या कारखान्यात वीस वर्षं काढलेल्या माणसाचे हात कितीही साबण लावला तरी पूर्ण साफ होत नाहीत, हे मला त्यांच्यामुळे कळलं.

त्यांचं नाव मी इथे लिहिणार नाही. त्यांना ते आवडलं नसतं, असं म्हणणार होतो, पण ते खरं नाही. शेवटी त्यांनीच ते आपल्या हाताने उघड केलं. तरी माझ्या हातून ते पुन्हा उघड व्हायला नको. एकदा झालं तेवढं पुरे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मुंबईतली कारकुनी सोडून मी पनवेलला खांदा कॉलनीत एक गाळा घेतला आणि ‘ई-मेल सेंटर’ अशी पाटी लावली. दोन कॉम्प्युटर, एक मोडेम, एक टेलिफोन लाइन. लाइन लागताना मोडेम असा किंचाळायचा की शेजारचा शिंपी मशीन थांबवून ओरडायचा, “लागला का हो फोन परदेशात?” दुबईला, अमेरिकेला मुलं असलेली माणसं येत आणि मी त्यांची पत्रं टाइप करून देई. दारातच एका टेबलावर मी मोठी वही ठेवली होती. नाव, तारीख, वेळ, सही. अशी वही ठेवा म्हणून मला कोणी सांगितलं नव्हतं. पण अठरा वर्षं ऑफिसात गेलेली. वहीत नोंद झाल्याशिवाय काम झालं असं मला वाटतच नसे.

त्या पहिल्यांदा आल्या त्या एका शनिवारी, कारखान्याच्या स्टाफ बसमधून उतरून थेट.

“वही कशाला?”

“नियम आहे, मॅडम.”

“कोणाचा?”

“माझाच.”

त्या हसल्या आणि खाली वाकून लिहिलं, ‘कु. अलका’. पुढच्या शनिवारी ‘कु. आशा’. त्याच्या पुढच्या ‘कु. इंदुमती’. चौथ्या शनिवारी मला राहवेना.

“मॅडम, तुमचं नाव दर आठवड्याला बदलतंय.”

“सातवी अ,” त्या म्हणाल्या. “आमच्या वर्गातल्या मुली. हजेरीच्या क्रमाने चाललेय.”

मग तो आमचा खेळच झाला. त्या आत आल्या की मी विचारायचो, “आज कोण हजर?” “आज उषा. फार भांडकुदळ होती. तिच्या नावावर मेल लवकर पोहोचेल बघा.” पंचेचाळिशीच्या, सुती साडीतल्या, खांद्याला रेक्झिनची पर्स लावलेल्या या बाई अशी थट्टा करतील असं तुम्हाला त्यांच्याकडे बघून वाटलं नसतं. घरी त्या आणि त्यांची म्हातारी आई, दोघीच. लग्न केलं नव्हतं. कारखान्याच्या प्रयोगशाळेत रसायनं तपासायची नोकरी.

आपलं नाव न कळता मेल कशी पाठवायची, ते त्यांनी एका कॉम्प्युटरच्या मासिकात वाचलं होतं. मासिकातलं ते पान घडी करून पर्समध्ये ठेवलेलं. परदेशात काही लोकांनी यासाठी मधली ठाणी चालवली होती. आपली मेल आधी तिथे जायची. तिथलं यंत्र तिच्यावरचं आपलं नाव-पत्ता पुसून टाकायचं आणि फक्त मजकूर पुढे धाडायचं. मजकुराच्या वर काही ओळी अगदी ठरलेल्या पद्धतीने लिहाव्या लागत. एक चिन्ह चुकलं तरी मेल वाटेतच गडप. पहिल्या दोन शनिवारी आमच्या सगळ्या मेल अशाच गेल्या.

त्यांना एक ठाणं पुरेसं वाटेना. मजकूर दोन ठाण्यांतून फिरवायचा, पाकिटात पाकीट घातल्यासारखा.

“पहिल्याला पाठवणारा माहीत, दुसऱ्याला घेणारा माहीत,” त्या मला समजावत. “ते दोघं भेटले तरच आपण सापडणार.”

“आणि भेटले तर?”

“एक बर्फाच्या देशात, दुसरा समुद्रापलीकडे. कशाला भेटतायत?”

आम्ही एक मेल नमुना म्हणून माझ्याच पत्त्यावर पाठवली. ती दुसऱ्या दिवशी आली. पाठवणाऱ्याच्या जागी कुणाचंच नाव नव्हतं. शनिवारी त्यांना दाखवली, तर त्यांनी लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवल्या. “बघा! पत्र आलं, मी आलेच नाही.”

आत काय लिहितात हे मी विचारलं नव्हतं. त्यांनी आपण होऊन सांगितलं ते दोन-तीन महिन्यांनी, टेलिफोनची लाइन मेलेली होती तेव्हा. आम्ही दोघं लाइन जिवंत व्हायची वाट बघत बसलो होतो.

त्यांच्या दारावर खाडीकाठच्या गावातली एक कोळीण मासे घेऊन यायची. दहा वर्षांची ओळख. एक दिवस ती रिकामी टोपली घेऊन आली आणि उंबऱ्यावर बसून म्हणाली, “बाय, आता नाय यायची मी. खाडीत मासाच नाय. पानी काला झालाय. जाल्यात हात घातला तं खाज सुटते.” तिने दंडावरचे फोड दाखवले. यांनी तिच्याकडून बाटलीभर पाणी मागवून घेतलं आणि शिफ्ट संपल्यावर आपल्याच प्रयोगशाळेत तपासलं.

“मला तपासायची गरज नव्हती खरं तर,” त्या म्हणाल्या. “रंग बघूनच ओळखलं. आमचंच पाणी. आमच्याकडे दोन रजिस्टरं आहेत. एक खरं, एक तपासणीला येणाऱ्या सरकारी साहेबांना दाखवायचं. दाखवायच्या रजिस्टरवर सहा वर्षं माझी सही आहे.”

मी रिसीव्हर कानाला लावून पाहिला. लाइन अजून मेलेलीच.

“सही करून खोटं लिहिलं. आता निदान बिनसहीचं खरं लिहिते.”

मुंबईच्या एका वर्तमानपत्राला त्या दर शनिवारी खऱ्या रजिस्टरमधले आकडे पाठवत होत्या. कोणत्या वारी, ओहोटीच्या कोणत्या वेळेला, कुठल्या पुलाखालच्या नळातून पाणी सोडतात, सगळं. शाळेतल्या निबंधासारखं नीट इंग्रजी. अलंकार नाही, आरोप नाही.

पावसाळ्यानंतर पेपरात बातमी आली. आधी छोटी, मग मोठी. एका गुरुवारी ऐन ओहोटीला सरकारी माणसं त्याच पुलाखाली बाटल्या घेऊन उभी राहिली. कारखान्याच्या यंत्रांना टाळं लागलं, ऑफिस आणि प्रयोगशाळा तेवढी चालू राहिली. त्या शनिवारी त्या आल्या तेव्हा माझ्यासाठी घरच्या नारळाच्या वड्या आणल्या होत्या. “कशाबद्दल ते विचारू नका,” म्हणाल्या. वहीत ‘कु. निर्मला’ लिहिलं. त्यांना इतकं मोकळं मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

मंगळवारी दुपारी एक गृहस्थ आले. इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं. दुबईच्या भाच्याला मेल करायची होती. मी वही पुढे केली आणि लाइन लावायला आत गेलो. लाइन चार-पाच वेळा तुटली. बाहेर आलो तर ते वही चाळत होते.

“अक्षरं छान आहेत हो तुमच्या गिऱ्हाइकांची,” ते म्हणाले.

मला बरं वाटलं. खरंच सांगतो, बरं वाटलं. इतक्या दिवसांत माझ्या वहीचं कौतुक कोणी केलं नव्हतं. त्यांनी भाच्याला दोन ओळी लिहिल्या, आभार मानले आणि गेले. वहीचं एक पान फाटलंय हे मला संध्याकाळी कळलं. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. वाटलं, कुणी चिठ्ठीला घेतलं असेल.

शनिवारी त्या आल्या नाहीत. आल्या सोमवारी, सकाळी दहाला. त्या वेळी त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं. चष्मा डोळ्यांवरच होता.

“सुट्टी मिळाली,” त्या म्हणाल्या. “कायमची.”

मॅनेजरच्या टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी ठेवले होते. एक प्रयोगशाळेतल्या रजिस्टरचं पान, एक माझ्या वहीचं. नाव काहीही लिहा, पण वेळेच्या रकान्यात इंग्रजी आकड्यांत ‘5.47’ होतं आणि त्या सातच्या पोटात आडवी रेघ. अशी रेघ साऱ्या प्रयोगशाळेत एकच बाई मारायची. आकडे दर शनिवारी बिननावाच्या ई-मेलने येतात हे पेपरानेच छापलं होतं, आणि कॉलनीत बस थांबते तिथे ई-मेलची दुकानं दोन. शोधायला त्यांना कितीसा वेळ लागणार होता?

“निर्मला होती माझ्यासमोर टेबलावर,” त्या म्हणाल्या. “बिचारी वर्गातही कायम पकडली जायची.”

“मॅडम, वही माझी. तुम्ही पहिल्याच दिवशी विचारलं होतं, वही कशाला म्हणून. मी...”

त्यांनी हात वर करून मला थांबवलं. मला वाटलं, रागावतील. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

“वही तुमची, पण अक्षर माझं,” त्या म्हणाल्या. “लाइन लावा. एक मेल करायचीय.”

मी सवयीने मधल्या ठाण्याच्या ओळी टाइप करू लागलो.

“त्या नकोत. पेपरला सरळ पाठवायची.”

त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा सहा वर्षांच्या खोट्या रजिस्टरबद्दल लिहिलं. सही कोणाची, कोणाच्या सांगण्यावरून, कधीपासून. शेवटी स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, घरचा पत्ता. त्या एकेक अक्षर शोधून टाइप करत होत्या, आणि मी मागे उभा राहून त्यांचं खरं नाव पहिल्यांदा वाचत होतो.

“मॅडम, हे तुमच्यावरच उलटेल.”

“उलटू दे. नाहीतर सगळा दोष रजिस्टरवर सही करणाऱ्या पुढच्या मुलीवर टाकतील. माझ्या जागी आजच एक नवीन मुलगी बसवलीय.”

उलटलंच. चौकशीला त्यांना आरोपीसारखं बोलावणं येऊ लागलं. पण त्यापेक्षा वाईट झालं ते कॉलनीत. कारखाना चार महिने बंद राहिला. कॉलनीतल्या कितीतरी घरांत त्या कारखान्याचा पगार येत होता. ज्यांच्याबरोबर त्या वीस वर्षं बसमधून गेल्या, डबे वाटून खाल्ले, त्या बायका रस्ता ओलांडून पलीकडून जाऊ लागल्या. त्यांच्या आई संध्याकाळी देवळाच्या कट्ट्यावर बसत, तर शेजारच्या उठून जात. कुणीतरी त्यांच्या दारावर खडूने घाण शब्द लिहिला. तो त्यांनी ओल्या फडक्याने पुसला आणि कामाला लागल्या, असं त्यांच्या आईनेच मला सांगितलं.

हे सगळं त्या सोसत होत्या. एकदाच त्यांचा आवाज कापरा झालेला मी ऐकला. “कोळीण नुसती बसायलाही येत नाही हो आता,” त्या म्हणाल्या. “तिचा मुलगा आमच्याकडेच कंत्राटावर होता. मला माहीतच नव्हतं. दहा वर्षं तिच्याशी बोलले, पण मुलगा काय करतो ते कधी विचारलं नाही.”

पुढच्या वर्षी त्यांनी घर विकलं आणि आईला घेऊन भावाकडे, देशावर गेल्या. मी टेम्पोत सामान चढवायला गेलो होतो. आणखी कोणी आलं नव्हतं. निघताना मला माफी मागायची होती. सगळं मनात जुळवून गेलो होतो. त्या म्हणाल्या, “तो काचेचा बॉक्स वर ठेवा, खाली नको.” मी तो वर ठेवला. टेम्पो निघून गेला.

मी त्यांच्या भावाच्या पत्त्यावर दोन पत्रं लिहिली. पहिल्याचं उत्तर आलं नाही. दुसरं परत आलं. त्यावर पोस्टमनने लिहिलं होतं, ‘घर सोडून गेले, पत्ता नाही’. त्या आता कुठे आहेत, आहेत की नाहीत, मला ठाऊक नाही.

कारखाना पुन्हा सुरू झाला. पाणी साफ करायची यंत्रणा बसवली म्हणतात. दोन-अडीच वर्षांनी एका दुपारी माझ्या दारात एक म्हातारी उभी राहिली. डोक्यावर टोपली. मी तिला कधी पाहिलं नव्हतं, पण दंडावरचे जुने डाग बघून ओळखलं.

“ती बाय इथं यायची ना? तिच्या घरात दुसरीच मानसं हायत.”

“त्या गाव सोडून गेल्या, मावशी.”

“कुठं गेली?”

“माहीत नाही.”

ती पायरीवर बसली. टोपली उतरवायलाही तिला वेळ लागला.

“पोराचं काम गेलं म्हनून मी रागान गेली नाय तिच्याकरं,” ती म्हणाली. “आता पोरगा परत जालं घेऊन खाडीत जातो. थोडी थोडी बोयटं लागतात. पयली बोयटं तिला द्यायची म्हनून आनली.”

टोपलीतून तिने काढलेल्या पिशवीत बोटभर लांबीचे चार मासे होते, खाडीतली बोयटं. अजून ताजी, चकचकीत. मी पत्ता देत नाही असंच तिला वाटत असावं, कारण ती बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग पिशवी माझ्या टेबलावर ठेवून उठली.

“आली तं सांग तिला.”

त्या दुपारी जो आत आला त्याने नाक मुरडलं. शिंपी येऊन विचारून गेला, वास कसला? मी संध्याकाळपर्यंत ती पिशवी तिथून हलवली नाही.