डोहातले महाशीर

उन्हाळ्यात आत्याबरोबर नदीवर गेले, तर डोहात घोट्याएवढंच पाणी होतं आणि त्यात महाशीर मासे तडफडत होते. आमच्या नदीत ही जात आता एवढ्या डोहापुरतीच उरली आहे. वरच्या बंधाऱ्यातून सगळं पाणी कालव्यात वळवलं होतं, एका रिसॉर्टच्या खोट्या धबधब्यासाठी. त्याखाली हसत फोटो काढणाऱ्यांची मला शिसारी आली.

आम्ही तडक बंधाऱ्यावर गेलो.

"मावशी, माशांसाठी पाणी सोडायची ऑर्डर नाही," चौकीदार म्हणाला.

"आणि नदी पळवायची आहे?" आत्या कडाडली आणि नदीकडच्या दाराचं चाक स्वतःच फिरवू लागली. मीही हात लावला. चौकीदार बाजूला झाला.

पाणी डोहात पोचलं तेव्हा काही मासे सळसळले. बाकीचे नुसतेच तरंगले.

"उद्या दार पुन्हा लावतील," मी म्हटलं.

"लावू देत," आत्या म्हणाली. "उद्या गावातल्या सगळ्या बायकांना घेऊन येते."